परमुलखातल्या कुटुंबांचे शेजारघर

वाटसरूला धर्मशाळा हवी असते, भुकेल्याला अन्नछत्र हवे असते आणि आजाऱ्याला दवाखाना. या तिन्ही सोयी आपल्या समाजाला फार जुन्या काळापासून ठाऊक आहेत, आणि त्या करून देणाऱ्याला आपण पुण्यवान म्हणत आलो आहोत. परंतु जे कुटुंब पोटामागे आपला मुलूख सोडून दूरच्या शहरात कायमचे राहावयास येते, त्याला नेमके काय हवे असते? ते वाटसरू नव्हे, कारण त्याला परत जावयाचे नाही. ते भिकारी नव्हे, कारण कष्ट करण्याच्या हिमतीवरच तर ते येथवर आले आहे. मग त्याला उणे कशाचे? आमच्या मते त्याला उणे असते ते शेजाराचे. गावी मूल तापाने फणफणले तर शेजारीण धावून येई, कज्जा झाला तर चार वडीलधारी माणसे बसत, घरात मयत झाली तर दोन दिवस चूल पेटवावी लागत नसे. हे सारे तो गावाच्या वेशीपाशी ठेवून येतो. शहरात त्याला मजुरी मिळते, भाड्याची खोली मिळते. शेजार मात्र मिळत नाही.

असा शेजार मुद्दाम उभा करता येतो काय, आणि येत असेल तर कोणत्या रीतीने, हा आजचा विषय आहे. त्यासाठी आम्ही अमेरिकेतील शिकागो शहरातल्या हल हाऊस या संस्थेचे उदाहरण घेणार आहोत. उदाहरण दूरचे आहे खरे. परंतु या संस्थेने आपल्या यशाबरोबर आपल्या फसलेल्या प्रयोगांचीही हकीकत प्रामाणिकपणे लिहून ठेवली आहे, आणि तशा संस्था जगात थोड्या. शिवाय या कार्याचा एक धागा थेट मुंबईच्या नागपाड्यापर्यंत येऊन पोचलेला आहे, तो आपण पुढे पाहू.

प्रथम ते शहर डोळ्यांपुढे आणले पाहिजे. १८४० साली शिकागो हे जेमतेम साडेचार हजार वस्तीचे गाव होते. पुढच्या ५० वर्षांत, म्हणजे १८९० च्या शिरगणतीपर्यंत, तेथील वस्ती १० लाखांवर गेली. रेल्वे, लाकडाच्या वखारी, कत्तलखाने, पोलादाचे व कपड्यांचे कारखाने यांना माणसे हवी होती, आणि युरोपातील दुष्काळ, जमिनीची टंचाई व यहुद्यांवरील अत्याचार यांमुळे माणसे घरे सोडून निघालीच होती. जर्मन व आयरिश आधी आले; मागून बोहेमियन, पोलिश, रशियन यहुदी, इटालियन, ग्रीक असे लोंढे आले. शहराच्या पश्चिम भागात हॉल्स्टेड रस्त्याच्या आसपास यांची दाट वस्ती झाली. एका कुटुंबासाठी बांधलेल्या लाकडी घरांत अनेक कुटुंबे राहू लागली. पुष्कळ घरांत पाण्याचा नळ आत नव्हता. अंगणात एक असे, तो सर्वांचा. कपडे शिवण्याचे काम ठेक्याने घरोघर जाई, आणि निजावयाच्या खोलीतच सारे कुटुंब सुईदोरा घेऊन बसे.

या वस्तीत १८ सप्टेंबर १८८९ रोजी जेन ॲडम्स आणि एलेन गेट्स स्टार या दोन तरुण स्त्रिया राहावयास आल्या. ॲडम्सबाईंचे वय तेव्हा २९ वर्षांचे होते. त्या खाऊनपिऊन सुखी अशा घरातल्या, सुशिक्षित. आणि शिक्षणाचे पुढे करावयाचे काय, या प्रश्नाने अस्वस्थ झालेल्या. आदल्या वर्षी लंडनमध्ये त्यांनी टॉयन्बी हॉल ही संस्था पाहिली होती. १८८४ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेत विद्यापीठातील तरुण गरिबांच्या वस्तीत बिऱ्हाड करून राहत. तीच कल्पना ॲडम्सबाईंनी उचलली. चार्ल्स हल नावाच्या एका धनिकाने १८५६ साली बांधलेले एक जुने घर त्यांनी भाड्याने घेतले. खालच्या भागात मागच्या कारखान्याची कचेरी आणि सामानाच्या खोल्या होत्या; एका अंगाला दारूचे दुकान, तर दुसऱ्या अंगाला अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्याची पेढी. पुढे हे घर मालकीण हेलेन कल्व्हर यांनी संस्थेला भाड्यावाचून वापरू दिले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयाची, ती अशी की या बाया वस्तीत 'जात' नव्हत्या, त्या वस्तीत 'राहत' होत्या. दिवसभर सेवा करून संध्याकाळी आपल्या स्वच्छ पेठेतील घरी परतणारा मनुष्य कितीही सज्जन असला तरी तो पाहुणाच. रात्री रस्त्यावर काय चालते, पाणी किती वाजता जाते, कचऱ्याची दुर्गंधी कोणत्या वाऱ्याने घरात शिरते, हे राहणाऱ्यालाच कळते. हल हाऊसमध्ये राहणारे कार्यकर्ते आपल्या जेवणाखाण्याचा आणि खोलीचा खर्च स्वतः देत. शेजारी म्हणून राहावयाचे तर शेजाऱ्यासारखेच राहावे, हा त्यामागील हेतू.

आरंभ अगदी साधा होता. पहिल्याच महिन्यांत बालवर्ग सुरू झाला, कारण मुले रस्त्यावर होती. मग पाळणाघर निघाले. ते का निघाले, याची हकीकत ॲडम्सबाईंनी आपल्या १९१० सालच्या 'ट्वेंटी इयर्स ॲट हल हाऊस' या पुस्तकात दिली आहे. वस्तीत त्यांना अपंग झालेली जी पहिली तीन मुले भेटली, ती तिन्ही आई कामावर गेली असताना जायबंदी झाली होती. एक तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पडले होते. दुसरे भाजले होते. तिसऱ्याच्या पाठीचा कणा वाकला होता, कारण तीन वर्षे त्याला दिवसभर स्वयंपाकघरातील टेबलाच्या पायाला बांधून ठेवीत. दुपारी थोरला भाऊ जवळच्या कारखान्यातून धावत येई, तेव्हा भाकरीच्या तुकड्यापुरता त्याचा दोर सुटे. ही आई निर्दय होती काय? मुळीच नाही. मूल रस्त्यावर गाडीखाली सापडू नये म्हणूनच तिने ते बांधले होते. गावी तिने ते सासूपाशी किंवा शेजारणीपाशी ठेवले असते. येथे सासूही नव्हती आणि शेजारीणही कामावर गेली होती. परमुलखातल्या कुटुंबाला शेजार उणा असतो असे आम्ही वर म्हटले, त्याचा अर्थ हा असा.

परंतु दुसऱ्याची गरज आपण ठरवावयास गेलो म्हणजे काय होते, याचाही धडा संस्थेला लवकरच मिळाला. कारखान्यात जाणाऱ्या बायांना धड स्वयंपाक करावयास सवड नसे, म्हणून संस्थेने बॉस्टनमधील एका नमुन्याबरहुकूम सार्वजनिक स्वयंपाकघर काढले. अन्न शास्त्रशुद्ध, पौष्टिक आणि स्वस्त. तरीही ते खपेना. वस्तीतील एका बाईने स्वच्छ सांगितले की अन्न पौष्टिक आहे हे खरे, पण मला पौष्टिक खायला आवडत नाही, मला आवडते ते मी खाते. निरनिराळ्या मुलखांतून आलेल्या माणसांच्या जिभा किती निरनिराळ्या, याचा विचार करावयाचाच राहून गेला होता, असे ॲडम्सबाईंनी कबूल केले आहे. उलट त्याच ठिकाणचे कॉफीगृह चांगले चालले, कारण तेथे बसून गप्पा मारता येत. नोकरी करणाऱ्या मुलींचा वसतिगृह-क्लबही नीट चालला, कारण संस्थेने सामान व पहिल्या महिन्याचे भाडे दिल्यावर कारभार मुलींनी स्वतःच पाहिला. जी सोय लोकांनी मागितली आणि स्वतः चालविली ती टिकली. जी वरून उतरविली ती पडली, हा याचा इत्यर्थ.

आता कचऱ्याची गोष्ट पाहू. रस्त्याच्या कडेला कचऱ्याच्या मोठमोठ्या लाकडी पेट्या असत, त्या भरून वाहत, आणि मुले त्यांवर चढून खेळत. वस्तीतील बायांना दोष देणे सोपे होते. परंतु खेड्यात बाई आपला उंबरा झाडून केर बाहेर उकिरड्यावर टाकते, तो उन्हापावसात कुजून त्याचे खत होते, कोणाचे काही बिघडत नाही. तीच सवय घेऊन ती शहरात आली, आणि येथे केर उचलला गेला नाही तर तिचेच लेकरू दगावते. घरातली स्वच्छता येथे घरातल्या बाईच्या एकटीच्या हाती राहिलेली नसून ती नगरपालिकेच्या हाती गेलेली आहे, ही गोष्ट आधी समजावून द्यावी लागली. मग हल हाऊसच्या महिला मंडळातील बाया दिवसभराचे काम उरकून संध्याकाळी गल्ल्याबोळांतून हिंडू लागल्या व नोंदी करू लागल्या. एका उन्हाळ्यात त्यांनी आरोग्य खात्याकडे १,०३७ तक्रारी पाठविल्या. तरी फारसा फरक पडेना, तेव्हा ॲडम्सबाईंनी कचरा उचलण्याचा ठेका मिळावा म्हणून स्वतःच निविदा भरली. ती नियमावर बोट ठेवून फेटाळण्यात आली. पण गाजावाजा इतका झाला की १८९५ मध्ये महापौरांनी त्यांनाच त्या वॉर्डाच्या कचरा-निरीक्षक नेमले. पहाटे सहाला त्या गाड्यांच्या मागे असत. एका अरुंद रस्त्यावरचा थर खणून काढला तेव्हा दीड फूट खाली चांगली फरसबंदी सापडली. तेथे फरसबंदी आहे हेच रहिवाशांना ठाऊक नव्हते. मृत्यूच्या प्रमाणात शहरातील वॉर्डांमध्ये तिसरा असणारा हा वॉर्ड पुढे सातव्या क्रमांकावर उतरला. गाव करी ते राव न करी म्हणतात. येथे गावाने रावाला करावयास लावले.

कायद्याकडे ही संस्था अशीच वळली. पहिल्याच नाताळात मुलांना खाऊ वाटताना काही लहान मुलींनी मिठाई घेण्याचे नाकारले. चौकशी केली तेव्हा कळले की त्या मिठाईच्या कारखान्यात कामाला होत्या. सहा आठवडे सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत काम केल्यावर त्यांना मिठाई डोळ्यांसमोर नकोशी झाली होती. पुढे फ्लॉरेन्स केली या अभ्यासू बाई संस्थेत राहावयास आल्या. त्यांनी घरोघरच्या शिवणकामाची पाहणी केली, आणि १८९३ साली इलिनॉय राज्यात १४ वर्षांखालील मुलांना कारखान्यात घेण्यास बंदी करणारा व स्त्रियांचा दिवस आठ तासांचा ठरविणारा कायदा झाला. केलीबाईंनाच मुख्य कारखाना-निरीक्षक नेमण्यात आले. आठ तासांचे कलम १८९५ मध्ये राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने रद्द केले, हेही सांगितले पाहिजे. या कायद्याला वस्तीतूनही विरोध झाला, कारण पुष्कळ घरांत मुलांची मिळकत हाच आधार होता. तेव्हा नुसता कायदा करून भागत नाही, त्या घराची तूटही कोणी भरून काढली पाहिजे, हा विचार त्यातून पुढे आला. बालगुन्हेगारांसाठीचे स्वतंत्र न्यायालय १८९९ साली शिकागोत निघाले, त्यातही हल हाऊसच्या मंडळींचा मोठा वाटा होता. १९०८ साली स्थलांतरितांच्या संरक्षणासाठी एक स्वतंत्र संघ स्थापन झाला व ग्रेस ॲबट यांनी तो चालविला. रेल्वे स्टेशनवर एकट्यादुकट्या उतरणाऱ्या मुली भलत्याच्या हाती पडू नयेत, येथपासून त्याचे काम सुरू होई.

येथवर सांगितले ते बाहेरच्या अडचणींचे. परमुलखात येणाऱ्या कुटुंबाला सर्वांत खोल जखम होते ती मात्र घराच्या आत. मुले शाळेत जातात, नवी भाषा चार-सहा महिन्यांत उचलतात. आईबापांना ती येत नाही. मग दुकानदाराशी, घरमालकाशी, डॉक्टरशी बोलावयाचे तर दहा वर्षांचा मुलगा दुभाष्या होतो. बाप विचारतो आणि मुलगा सांगतो. घरातले वडीलपण नकळत उलटे होते. पुढे मुलाला आपल्या आईच्या बोलण्याची, तिच्या डोक्यावरच्या रुमालाची, तिच्या हातच्या जेवणाचीही लाज वाटू लागते. घर उभे असते, पण आतून दुभंगलेले. कोणतेही अन्नछत्र किंवा दवाखाना यावर औषध देऊ शकत नाही.

हल हाऊसने यावर जो उपाय केला तो आम्हांला तिच्या साऱ्या कार्यात अधिक मोलाचा वाटतो. एका इटालियन म्हातारीला दाराशी बसून हातातल्या चातीवर सूत काढताना ॲडम्सबाईंनी पाहिले, आणि १९०० साली त्यांनी श्रमाचे संग्रहालय काढले. त्यात काचेच्या कपाटातल्या निर्जीव वस्तूंपेक्षा चालत्या हातांना अधिक मान होता. सीरियन, ग्रीक, इटालियन, रशियन, आयरिश बाया आपापल्या देशीच्या रीतीने सूत काढीत, विणीत. शेजारी चरखा, आणि त्यापुढे यंत्राची माहिती. ज्या कारखान्यात मुलगी कामाला जाई, त्या कारखान्याची आजी म्हणजे आईच्या हातातली ही चाती, हे तेथे डोळ्यांनी दिसे.

एक इटालियन मुलगी दर शनिवारी संस्थेत स्वयंपाकाच्या वर्गाला येई, आणि तिची आई त्याच संध्याकाळी संग्रहालयात सूत काढून दाखवावयास येई. परंतु मुलगी मुद्दाम निराळ्या दाराने शिरे. डोक्याला रुमाल बांधलेली, घरच्या सुताचा घागरा नेसलेली ही बाई आपली आई आहे हे कोणाला कळू नये म्हणून. एकदा तिने पाहिले की शिक्षणशास्त्राच्या विद्यालयातील काही पाहुणे आईभोवती जमून तिच्या कौशल्याची वाखाणणी करीत आहेत. तिने ॲडम्सबाईंना विचारले, आईसारखे सूत कोणालाच काढता येत नाही हे खरे का? बाईंनी तिला तिच्या आईचे गाव कसे असेल, तेथे बाया डोंगराच्या कड्यावर उभ्या राहून चाती खाली सोडीत व सूत कसे काढीत, हे समजावून सांगितले. त्यानंतर आईने आपल्या पेटीतले हाताने विणलेले कपडे बाहेर काढले तेव्हा मुलीने हरकत घेतली नाही, आणि दोघी एकाच दाराने येऊ लागल्या.

याच दृष्टीने १९०३ साली वस्तीतल्या ग्रीक लोकांनी हल हाऊसच्या रंगमंचावर सोफोक्लीझचे 'एजॅक्स' हे नाटक मूळ ग्रीकमधून करून दाखविले. ज्यांना शहर केवळ फळे विकणारे फेरीवाले म्हणून ओळखीत होते, त्यांच्या तोंडून अडीच हजार वर्षांपूर्वीची भाषा शहराने ऐकली. नव्या देशाची भाषा शिकविणारे वर्ग संस्थेत भरत होतेच, आणि ते अवश्य होते. पण नवे शिकविताना जुन्याचा अपमान होऊ न देणे, ही या कामातली कसोटी आहे.

संस्थेच्या मर्यादाही नजरेआड करू नयेत. दक्षिणेतील काळे लोक पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मोठ्या संख्येने शिकागोत आले, तेव्हा अशा बहुतेक शेजारघरांची दारे त्यांच्यासाठी पुरती उघडली नाहीत. ॲडम्सबाईंना १९३१ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले व १९३५ मध्ये त्या वारल्या. पुढे विद्यापीठाच्या नव्या आवारासाठी तीच वस्ती पाडावयाचे ठरले; रहिवाशांनी झुंज दिली, पण ते हरले. १९६३ मध्ये तेरा इमारतींपैकी बहुतेक जमीनदोस्त झाल्या. मूळ घर आणि भोजनगृह तेवढे राहिले, ते आज संग्रहालय आहे. त्याच नावाची सेवासंस्था शहरात अन्यत्र काम करीत राहिली. परंतु ती मुख्यतः सरकारी पैशावर अवलंबून होती, आणि जानेवारी २०१२ मध्ये ती बंद पडली. शेजारघर ज्या दिवशी शेजाऱ्यांपासून दूर जाते व एकाच दात्याच्या ओंजळीने पाणी पिऊ लागते, त्या दिवशी त्याच्या आयुष्याची दोरी दुसऱ्याच्या हाती जाते.

आता आपल्याकडे वळू. आपल्या मुंबईतही परमुलखातून आलेल्यांनी स्वतःची सोय लावली होती. गोव्याच्या खलाशांनी धोबीतलावाच्या बाजूला गावागावाच्या नावाने 'कूड' काढले. तेथे एक पेटी ठेवावयास जागा, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना आणि गावच्या माणसांची सोबत मिळे. कोकण व घाटावरून गिरणीत आलेल्यांनी गावकऱ्यांच्या खोल्या घेतल्या, भजनी मंडळे चालविली, आणि खानावळवाल्या बायांनी त्यांना घरचे जेवण पुरविले. ही आपली कमाई मोठी आहे. पण या सोयी बहुतांशी एकट्या पुरुषांच्या, आणि आपल्याच गावच्या माणसांपुरत्या. बायकामुलांसह आलेले कुटुंब आणि भिन्न भाषांची वस्ती यांना त्या पुऱ्या पडणाऱ्या नव्हत्या. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली सुरू केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने काढून ही उणीव पुष्कळशी भरून काढली. त्यानंतर शिकागोत शिकून आलेले क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२६ च्या सुमारास अमेरिकन मराठी मिशनच्या वतीने नागपाड्यात नेबरहूड हाऊस सुरू केले. मुसलमान, यहुदी, ख्रिस्ती, हिंदू अशी सरमिसळ वस्ती असलेल्या त्या भागात ते सर्वांचे शेजारघर व्हावे ही कल्पना होती. त्याच वास्तूत १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय निघाले, आणि १९४४ पासून ते टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणून ओळखले जाऊ लागले. वस्तीतल्या शेजारघरातून विद्यापीठ जन्मास यावे, हा योगायोग मानण्याचे कारण नाही. शेजाऱ्याचे ऐकून घेणे हाच त्या शास्त्राचा पहिला पाठ आहे.

हा प्रश्न आज संपलेला नाही. आपल्या शहरात नवी इमारत उठते तेव्हा तिच्या पायथ्याशी पत्र्याची खोपटी दिसतात. त्यांत दूरच्या प्रांतांतून आलेली कुटुंबे असतात, आणि इमारत पुरी होताच ती दुसरीकडे जातात. मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत 'मोबाइल क्रेशेस' नावाने बांधकामाच्या जागीच फिरते पाळणाघर सुरू केले, ते अशाच मुलांसाठी. टेबलाच्या पायाला बांधलेल्या शिकागोच्या मुलाची आणि विटांच्या ढिगाजवळ उन्हात निजविलेल्या आपल्याकडील मुलाची गरज एकच आहे.

तेव्हा अशी संस्था आपल्या पेठेत काढावयाची झाल्यास, किंवा असलेल्या संस्थेची पारख करावयाची झाल्यास, चार प्रश्न विचारावेत. चालविणारे वस्तीत राहतात की येऊन जातात? वस्तीला काय हवे हे त्यांनी विचारून घेतले आहे की मनाने ठरविले आहे? जे काम एका संस्थेच्या आवाक्याबाहेरचे, ते नगरपालिकेकडून व सरकारकडून करवून घेण्याची चिकाटी तिच्यात आहे काय? आणि तेथे येणारे मूल आपल्या आईची बोली चारचौघांत बोलावयास लाजेनासे झाले आहे काय? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे अहवालातून मिळतील. चौथ्यासाठी मात्र तेथे जाऊन, थोडा वेळ बसून ऐकावे लागेल.